कार्ड रीडर: हजर

कार्ड रीडर आहे का?

नाही.

इथेच सगळं संपायला हवं होतं. मशीनने विचारलं, मी उत्तर दिलं, मशीन पुढच्या प्रश्नावर गेलं. मशीनला वाईट वाटत नाही. ते "अगं पण बघ ना जरा" म्हणत नाही. म्हणून मी मशीनच्या बाजूने आहे, आणि मरोळच्या आमच्या गाळ्यातल्या बाकी सगळ्यांच्या विरुद्ध.

टेप ड्राइव्ह आहे का?

हो. एक.

टर्मिनल किती?

चार.

प्लॉटर आहे का?

"हो म्हण," मागून रांगणेकर साहेब म्हणाले.

"साहेब, आपल्याकडे प्लॉटर नाही."

"येईल ना कधीतरी. नाव असू दे."

श्यामसुंदर रांगणेकर, आमच्या कंपनीचे मालक. आधी पंख्यांची एजन्सी, त्याच्या आधी कसलीशी मलमं. शहाऐंशी साली ज्याला दुसरं काही सुचत नव्हतं तो कॉम्प्युटरच्या धंद्यात येत होता, तसे हेही आले. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने टाकून दिलेला एक मिनी कॉम्प्युटर त्यांनी भंगाराच्या भावात उचलला, गोदीतून सोडवला आणि मरोळला आणून उभा केला. नाव मिनी, अंग दोन लोखंडी कपाटांएवढं. मशीन म्हातारं होतं, पण साहेबांनी त्याला नवा रंग मारून घेतला होता. आता ते मुलुंडच्या एका सहकारी बँकेच्या गळ्यात मारायचं होतं. त्यासाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम, त्यासाठी नवा कर्नल, आणि तो बांधायला मी: प्रेमा परब, डिप्लोमा, बोरिवली.

कर्नल काय असतो हे साहेबांना मी तीनदा सांगितलं होतं. इथे एकदाच सांगते. कर्नल म्हणजे मशीनचा गाभा. मशीन चालू झालं की तो आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. मशीनला काय काय जोडलं आहे हे त्याला बांधतानाच सांगावं लागतं. ज्याचं नाव सांगितलं नाही ते उपकरण शेजारी वायरीसकट उभं असलं तरी त्याच्या लेखी जगात नाही. आणि सगळ्यांची नावं सांगता येत नाहीत, कारण प्रत्येक नावामागोमाग ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम आत येऊन बसतो, आणि या जुन्या मशीनमध्ये कर्नलला जागा ठरलेली. त्याबाहेर तो एक अक्षरही गेला तर उठतच नाही.

साहेबांनी यातलं काही ऐकलं नाही. त्यांनी फक्त एक पाहिलं. मशीन चालू होताना पडद्यावर एकेका उपकरणाचं नाव खाली खाली उमटत जातं. त्यांना लग्नपत्रिका आठवली.

"एकाचं जरी नाव राहिलं ना, तरी जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. सगळ्यांची घाल. बँकेचे लोक बघतील तेव्हा कसं भरलेलं दिसलं पाहिजे."

"जे नाहीच त्याचं कसं घालू?"

"पत्रिकेत कैलासवासी आजोबांचं नाव असतं की नाही? ते येतात का जेवायला?"

"ते येत नाहीत, साहेब. हे येतात."

नंदू हसला. नंदू हार्डवेअर बघतो. कुणाच्याही विनोदाला हसतो, म्हणून त्याचं हसणं मी धरत नाही.

नकाशे काढणारा प्लॉटर गेला. कागदी पट्टीचं यंत्र गेलं. तरी कर्नल जागेत बसेना. मग जो एकच मोठा प्रोग्रॅम काढण्यासारखा उरला होता तो काढला.

*

कार्ड रीडर म्हणजे काशीराम तावडे.

हे वाक्य मी लिहिलंय तेवढंच खरं आहे. गिरणीच्या हिशेब खात्यात तावडेकाका भोकं पाडलेली कार्डं यंत्रात घालायचे. कामगारांची हजेरी त्या कार्डांवर असायची. संपानंतर गिरणी उघडली नाही. पण तावड्यांना सकाळी कुठेतरी हजर होण्याची सवय होती, ती त्यांना आमच्याकडे घेऊन आली. मशीनबरोबर त्याच पेटीतून एक कार्ड रीडर आला होता, आणि ते यंत्र हाताळलेला मुंबईत स्वस्तात मिळणारा दुसरा माणूस साहेबांना माहीत नव्हता. पहिल्या वर्षी एकदोन गिऱ्हाइकांनी कार्डं आणली. नंतर कुणी आणली नाहीत.

त्यानंतर तावडेकाका रीडर पुसायचे. पुसून झाला की पुन्हा पुसायचे. मधल्या वेळेत आम्हाला सांगायचे की कार्डं पत्त्यांसारखी पिसायची नसतात, आणि टर्मिनलवर बोटं आपटणं हे काही काम नव्हे. त्यांच्या पानाच्या डब्याचा वास माझ्या खुर्चीपर्यंत यायचा. मला त्यांची दया यावी अशी नंदूची फार इच्छा होती. मला वास यायचा.

साहेब मला म्हणाले होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते: "ज्याचं मशीन आत नाही, त्याला दिवाळीनंतर मी काय काम देणार?"

म्हणजे निर्णय साहेबांचा आणि कात्री माझ्या हातात. मालकांना हे फार छान जमतं.

"काय गो प्रेमा, माझा नाव काढलंस?"

"तुमचं नाही, काका. कार्ड रीडरचं."

"ता एकच."

मीही कणकवलीकडचीच. मला सगळं कळतं. पण ऑफिसात मालवणी बोलणाऱ्यांना मी ऑफिसच्या मराठीतच उत्तर देते, कारण एकदा का मालवणीत उत्तर दिलं की समोरचा माणूस लगेच काका होऊन बसतो, आणि काकाला कर्नलमधून काढता येत नाही.

"जागा नाही," मी म्हटलं.

"जागा करूची लागता," ते म्हणाले आणि फडकं झटकलं.

*

दसरा.

झेंडू, आपट्याची पानं, नारळ, पेढे. साहेबांनी सोवळ्यासारखं काहीतरी नेसून सगळ्या यंत्रांची पूजा केली. टेप ड्राइव्हच्या तोंडात हळद जाऊ नये म्हणून मी त्याच्यासमोर उभी राहिले, तर त्यांनी मलाच कुंकू लावलं आणि पुढे गेले. नंदूने सोल्डरिंग गनला हार घातला. तावड्यांनी रीडरला असा जाड हार घातला होता की कार्डं जाण्याची फट दिसत नव्हती. दिसून करायचं काय होतं म्हणा.

मग साहेबांच्या डोक्यात आलं की मशीन चालू करून नावं वाचायची. भटजी संकल्पात गोत्र आणि नावं घेतात तशी. मी मशीन चालू केलं. एकेक नाव उमटलं आणि साहेबांनी प्रत्येकावर अक्षता टाकल्या. डिस्क. टेप. प्रिंटर. टर्मिनल एक, दोन, तीन, चार.

मग पडदा थांबला. साहेबांच्या मुठीत अक्षता उरल्या. त्या त्यांनी रुमालात बांधून ठेवल्या.

तावडेकाका रीडरजवळ उभे राहून पडद्याकडे बघत होते. इंग्रजी ते अडखळत वाचतात, पण जे तिथे नाही ते वाचायला कुणालाच वेळ लागत नाही.

"पेढा घ्या, काका," नंदू म्हणाला.

"नको. ज्या घरच्या पत्रिकेत नाव नाय, त्या घरचा गोड खाऊचा नाय."

मला हसू आलं. अठरा पानी मॅन्युअल वाचून, बारा वेळा मोडून बांधलेल्या कर्नलवरून एक मनुष्य लग्नातल्या मामासारखा रुसला होता.

*

दुसऱ्या दिवशी मशीन उठलं. मशीनच्या स्वतःच्या पडद्यावर नावं आली. पण त्याला जोडलेली, लोकांनी बसून काम करायची चारही टर्मिनलं मुकी.

की दाबा, काही नाही. दुसरी की, काही नाही. मी कर्नल पुन्हा बांधला. पुन्हा बांधणं म्हणजे तेच प्रश्न, तीच उत्तरं आणि मग बराच वेळ पंख्यांची घरघर. टर्मिनल किती? चार. नक्की? मशीन "नक्की" विचारत नाही, ते मी विचारलं.

मुकी.

"झकास," नंदू म्हणाला. "चारच्या चार गेली. कर्नल तूच बांधलास ना?"

"तू आधी हार्डवेअर बघ."

"हार्डवेअरची कालच पूजा झालीय यार."

"नंदू."

"बघतो, बघतो. चिडू नको गं."

उद्या बँकेचे अध्यक्ष येणार होते. मी तिसऱ्यांदा बांधायला घेतला. माझ्या कर्नलमध्ये चूक आहे ही कल्पनाच मला सहन होत नव्हती, आणि ती कल्पना सोडून दुसरं काही सुचतही नव्हतं. तेवढ्यात नंदूने मशीनची पाठ उघडली.

"प्रेमा. इकडे ये. एक दात पडलाय."

मशीनच्या पाठीत सर्किटचे बोर्ड दातांसारखे रांगेत बसतात. एका उपकरणाला एक बोर्ड. रांगेच्या मधोमध एक खाच रिकामी होती. कार्ड रीडरची.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. आग लागली की लोक रांगेत उभे राहून बादली हातोहात पुढे देतात, तसा या मशीनमध्ये निरोप एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे जातो. मधला माणूस उठून गेला की बादली तिथेच थांबते. त्या माणसाला पाण्याचं काही देणंघेणं असायला हवं असं नाही. त्याने फक्त उभं राहायचं असतं. टर्मिनलचा बोर्ड त्या रिकाम्या खाचेच्या पलीकडे बसला होता.

कर्नलला रीडर माहीत नसला तरी चालत होतं. बोर्ड नसून चालत नव्हतं. आणि बोर्ड तावडेकाका घरी घेऊन गेले होते. पत्रिकेत नाव नाही, तर पंगतीत पाटही नको.

"मूर्ख माणूस," मी म्हटलं.

"वायर मारतो," नंदू म्हणाला. "इथून इथे दोन टोकं जोडायची, बस. चहा येईपर्यंत चालू करून देतो."

त्याने मारलीही असती. पण साहेब आले, त्यांनी खाच पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पूजेतला बोर्ड?"

"हो, साहेब. पण वायर मारली की..."

"दसऱ्याच्या दिवशी पूजेतली वस्तू घराबाहेर गेली?"

"साहेब, हा गाळा आहे," मी म्हटलं.

"वायर नको! उद्या बँक येतेय आणि तू ठिगळ लावतोस? गेलंय ते परत आलं पाहिजे. प्रेमा, तू जा. मानाने बोलावून आण."

"मी का?"

"नाव तू काढलंस ना?"

आणि त्यांनी पूजेतला नारळ माझ्या हातात दिला.

*

मरोळहून घाटकोपरला जाणारी बस साकीनाक्याला अडकली.

डिप्लोमा आहे का?

हो.

नारळ आहे का?

हो. एक. मांडीवर.

शेंडीला कुंकू आहे का?

हो, आणि ते ओढणीला लागलंय.

वायरीचा तुकडा आहे का? नंदूकडे आहे. हाताएवढा. त्यावर सगळं भागत होतं.

मी इथे का आहे?

या प्रश्नाला बांधणीच्या प्रोग्रॅममध्ये जागा नाही.

*

भटवाडीतली चाळ. दार रुक्मिणीकाकूंनी उघडलं, तावड्यांच्या बायकोने. नारळ बघून त्यांनी पदर सारखा केला.

"ये गो बाय. परबांची ना तू? खयचे परब?"

"ऑफिसमधून आलेय."

तावडेकाका बनियनवर बसले होते. बोर्ड देवाच्या फळीवर होता, गणपतीच्या शेजारी, वर्तमानपत्रावर ठेवलेला. रीडरचा तो जाड हार घातलेला.

"काका, बोर्ड हवाय."

"बस. च्या घे."

"चहा नको. उद्या बँक आहे."

"मगे? नंदू वायर मारीत की."

म्हणजे त्यांना माहीत होतं. गिरणीत कुणीतरी कधीतरी तशी वायर मारलेली त्यांनी पाहिली असणार.

"मारणारच होता," मी म्हटलं. "साहेबांनी मारू दिली नाही."

"म्हणजे माझ्या बोर्डाची गरज नाय."

"नाही."

"माझी?"

"तुमचीही नाही. साहेबांना अपशकुन वाटतोय, एवढंच."

खोटं बोलायचं मला कारण नव्हतं. स्वयंपाकघरात झाकण ठेवल्याचा आवाज आला. तावड्यांनी पानाचा डबा उघडला आणि पान न घेताच मिटला.

"बरा झाला, सरळ सांगलंस. आता माझा ऐक. माझा नाव घाल."

"जागा नाही हो! तुमचा प्रोग्रॅम आत घेतला तर मशीन उठणार नाही. मला काय हौस आहे का काढायची?"

"प्रोग्रॅम कोणी मागलो? मी नाव म्हणतंय."

"नुसतं नाव?"

"कैलासवासी आजोबांचा असता तसा."

म्हणजे तेही त्यांनी ऐकलं होतं. रीडर पुसता पुसता ते सगळंच ऐकत होते.

नुसतं नाव. मशीन उठताना पडद्यावर एक ओळ उमटायची आणि तिच्यामागे काही नाही. ना प्रोग्रॅम, ना यंत्राची विचारपूस. कर्नलमध्ये त्याला चिमूटभर जागा पुरते. तेवढी होती. मला ते आधी सुचलं नव्हतं, कारण तसलं काही मला सुचतच नाही. कर्नलचा एकच गुण मला आवडतो, तो नाही त्याला आहे म्हणत नाही. माझ्या माहितीतल्या कुठल्याही माणसाबद्दल मी हे सांगू शकत नाही. आणि हा बनियनमधला माणूस मला सांगत होता की त्यालाही आपल्यासारखं कर.

मी नाही म्हणणार होते. वायर मारायला लावली असती, साहेबांना काहीतरी थाप ठोकली असती.

रुक्मिणीकाकू चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. मघाशी नको म्हटलं तरी केलेला.

"दिवाळीनंतर ह्यांका घरी बसवतले काय गो?" त्यांनी हळू विचारलं. नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू, एका खोलीच्या घरात.

तावडे गणपतीकडे बघत राहिले.

"द्या चहा," मी म्हटलं.

*

बँकेचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी आले. पांढरी सफारी, बोटात पुष्कराज, मागे दोन संचालक. कॉम्प्युटर विकत घ्यायला आलेल्या माणसांचा एक चेहरा असतो. काही कळत नसलं की मान जास्त हलते. मी मशीन चालू केलं. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, इथे मराठीत लिहिते.

डिस्क: हजर.

टेप: हजर.

प्रिंटर: हजर.

टर्मिनल एक ते चार: हजर.

कार्ड रीडर: हजर.

तिन्ही माना हलल्या. टर्मिनलं बोलली, व्याजाचा प्रोग्रॅम चालला, प्रिंटरने कर्कश आवाज करत एक पान ओकलं. झालं होतं. पाहुणे उठायचेच होते.

"कार्ड रीडर?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, हे तर आमच्या जमान्यातलं! मी सरकारी नोकरीत असताना बघितलंय. चालवा की जरा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नंदूने छताकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही, कारण तावडेकाका पुढे आले होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. त्यांनी कपाटातून कार्डांचा गठ्ठा काढला. गिरणीतून येताना आणलेला असणार. हजेरीची जुनी कार्डं, कडा पिवळ्या पडलेली. त्यांनी ती टेबलावर ठोकून सारखी केली, रीडरच्या खोबणीत ठेवली, आणि मग त्यांचा डावा हात सहज यंत्राच्या मागे गेला.

मागे एक खटका असतो. दुरुस्तीवाल्यांसाठी. तो खाली केला की रीडर कॉम्प्युटरशी बोलणं सोडतो आणि आपला आपण कार्डं ओढत राहतो. वाचत काही नाही. दात घासल्यासारखी नुसती हालचाल.

हे त्या गाळ्यात तिघांना माहीत होतं. त्यातला खटका खाली करणारा एकच होता.

रीडर घोंघावला. कार्डं एकामागून एक आत गेली आणि पलीकडे पडत राहिली. बंद पडलेल्या एका गिरणीची सगळी पाळी तिथून निघून गेली. तावडेकाका ताठ उभे होते, हात मागे बांधून, पडद्याकडे न बघता. पडद्यावर काही घडत नव्हतं.

शेवटचं कार्ड पडलं.

"सगळी वाचली?" अध्यक्षांनी विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा लावला, पडद्याजवळ वाकले आणि बोटाने शेवटची ओळ दाखवली.

"हे काय, आलंय की. हजर."

संचालकांच्या माना हलल्या. साहेबांनी खिशातल्या रुमालातून परवाच्या अक्षता काढून कुठे टाकाव्यात ते न कळून माझ्या टर्मिनलवर टाकल्या. दोन तांदूळ कीबोर्डमध्ये गेले. एक नंदूने चिमट्याने काढला. दुसरा मला अजून सापडलेला नाही.

*

बँकेने मशीन घेतलं. नुसतं तेच नाही, पुढच्या शाखेसाठी दुसरंही सांगून ठेवलं.

दिवाळी झाली. ते मशीन मुलुंडला गेलं, त्याच्या जागी तसलंच दुसरं आलं, आणि रीडर इथेच राहिला. तावडेकाका आहेत. गिऱ्हाईक आलं की साहेब आधी रीडर दाखवतात आणि तावडेकाका गठ्ठा ठोकून सारखा करतात. एकालाही कधी प्रश्न पडलेला नाही. पगारवाढ त्यांना झाली, मला नाही. कर्नल बांधणाऱ्याला कोण बघतं?

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पानाचा वास आधी आला.

"प्रेमा, एक सांगूचा होता."

आभार मानणार असतील, असं मला वाटलं. मी त्यासाठी चेहरा तयार केला. असल्या वेळी करायचा तो, कोरडा, 'त्यात काय' म्हणणारा.

"माझा नाव टर्मिनलांच्या खाली कित्याक?"

"काय?"

"मी त्यांच्या आधीचो. पत्रिकेत जुनो माणूस वर असता. लोक बघतत. बरा दिसणा नाय."

मी त्यांचा चेहरा तपासला. थट्टेचा मागमूस नव्हता. खटका खाली करणारा तोच हात टेबलावर होता, आणि तो माणूस मनापासून, हक्काने, मागण्यासारखं मागत होता.

"डिस्कच्या वर हवंय की खाली?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. खरंच केला.

"खाली चालात. ती यजमान."

"प्रिंटर?"

"प्रिंटराक काय मान?"

नंदू मागे हसत होता. मी कर्नल पुन्हा बांधायला घेतला. अख्खी दुपार जाणार होती. पंखे घरघरायला लागले आणि मशीनने विचारलं, कार्ड रीडर आहे का?

नाही, मी म्हटलं, आणि ती ओळ टेपच्या खाली, प्रिंटरच्या वर नेऊन ठेवली.